तानीबाईचं काचेचं कौल

मित्रांनो, आधी एक सांगा, तुम्हाला इकडे कुणी पाठवलं? उगाच विचारत नाही मी. माझ्याकडे निरखून बघायला जो कुणी येतो, तो मनात काहीतरी धरूनच येतो, असा माझा अनुभव आहे. बरं, आलाच आहात तर बसा.

मी एक जुनं काचेचं कौल आहे. निपाणीतल्या एका गल्लीत, तानीबाईच्या घरावर माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. लाल कौलांच्या गर्दीत मी एकटाच आरपार. वर बघितलं की आभाळ, खाली बघितलं की घर. ज्याला दोन्हीकडचं दिसतं त्याला संशय जरा जास्तच येतो, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून साच्यात ओतली, गार झाली, आणि मी झालो. लाल कौलांच्या गाडीतून मी घाट चढून निपाणीला आलो. तानीबाईचे मालक सत्याप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. छपराचं गवत काढून त्यांनी घरावर कौलं घातली. लाल कौलं त्यांनी डोक्यावरून वाहिली, पण मला मात्र स्वतःच्या पटक्यात गुंडाळून, पोटाशी धरून आणलं. गवंडी म्हणाला, "ह्ये कुठं बशिवायचं?" तर सत्याप्पांनी घरात जाऊन जमिनीवर बोट ठेवलं. "हिच्या सुपावर उजेड पडला पाहिजे."

हिच्या म्हणजे तानीबाईच्या. ती घरात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. माझ्यातून पडणारा उजेडाचा तुकडा सकाळी भिंतीपाशी असायचा, दुपारी मधोमध, संध्याकाळी चुलीकडे. तानीबाई सूप घेऊन त्याच्यामागं सरकायची. एका दिवसात ती अख्खं घर फिरायची, बसल्या बसल्या! त्याच उजेडात तिचा लेक दीपंकर पाटी घेऊन तिच्या गुडघ्याला टेकून बसायचा. पुढं तो बँकेत साहेब झाला, बेळगावला गेला. गल्लीतली माणसं वर बघून म्हणायची, "ह्या कौलानं पोरगं शिकीवलं." मीही फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

तानीबाई माझ्यासारखीच संशयी. का नसावी? विड्या घेऊन कारखान्यात गेली की तपासणारा दोन बोटांनी विडी दाबायचा आणि "ही छाट, ही बी छाट" करत बाजूला फेकायचा. चांगल्या विड्याही कधीकधी छाटीत जायच्या. तेव्हापासून तिनं कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवला नाही. भाजीवाला असो की डॉक्टर, ती आधी स्वतः चाचपून बघायची. चाळीस वर्षं पान हाताळून तिची बोटं अशी झाली होती की कोवळं पान कुठलं, जून कुठलं, ते ती न बघता सांगायची. पुढं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला तेव्हा बोटांचाच आधार उरला. सत्याप्पा तोवर भिंतीवरच्या तसबिरीत गेले होते, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी.

आता गळतीची गोष्ट. दीपंकर दहावीला होता त्या वर्षी एक हुप्प्या वानर धपकन माझ्यावर बसला. मला काही झालं नाही. झालं असतं तर मी सांगितलं नसतं का? त्याच पावसाळ्यात माझ्या शेजारी गळती लागली, हा निव्वळ योगायोग. माझा संशय डाव्या हाताच्या लाल कौलावर होता. सगळ्यांचाच होता. ते बदललं. नवं आलं तरी पाणी ठिबकतंच. तेही बदललं. सगळी एका माळेचे मणी! दर पावसाळ्याआधी असं चाललं होतं, आणि माझ्याखालचा वासा मात्र काळा पडत गेला. गेल्या वर्षी तो मधोमध वाकला.

दीपंकर आणि त्याची बायको सुविधा बेळगावहून आले. दीपंकर म्हणाला, "आई, आता बास. घराला कुलूप लाव आणि चल आमच्याकडं."

"मी हितनं हलत न्हाय," तानीबाई म्हणाली. "माझी बसायची जागा हाय, माझा उजेड हाय. तिथं फ्लॅटात दिवसा बी लाईट लावून बसत्यात."

"मग पूर्ण छप्परच बदलू. पण हे शेवटचं हां आई. हेही गळलं, तर तू बेळगावला यायचंस. कबूल?"

तानीबाईनं सत्याप्पांच्या तसबिरीकडं बघितलं आणि मान हलवली. तेव्हापासून तिचं घर एका छपरावर टांगलेलं होतं. आणि माझं काय, ते तर कुणी विचारलंही नाही.

मग कसलं छप्पर घालायचं याची चर्चा सुरू झाली. स्लॅब म्हटलं तर मातीच्या भिंतींना ते वजन पेलणार नाही. सिमेंटचा पत्रा स्वस्त, पण सुविधा म्हणाली, "नको, तो कापताना उडणारी धूळ छातीला वाईट." पुन्हा कौलंच घालावीत तर वानरं काही गाव सोडून जाणार नव्हती. शेवटी निळ्या रंगाचा लोखंडी पत्रा ठरला. तो बसवणारा नागेंद्र आला. गोड बोलणारा माणूस. गोड बोलणाऱ्यावर माझा पहिल्यापासूनच संशय.

"आक्का, अर्धा एमएमचा पत्रा घालतो. वानरांची जत्रा भरली तरी वाकणार न्हाय," असं म्हणून त्यानं पत्र्याचा वीतभर तुकडा तिच्या हातात दिला.

तानीबाईनं तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला, कडेकडेनं फिरवला. "नमुना हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि तो खिडकीत ठेवला. "आनि माझ्या उजेडाचं काय?"

"प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा टाकू की एक."

"त्ये दोन वर्सात पिवळं पडतंय. बगितलंय म्या."

पण मित्रांनो, माझी नजर नागेंद्रपेक्षा सुविधावर जास्त होती. ती बेळगावात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस. मापाशिवाय बोलायची नाही. त्या दिवशी शिडी लावून ती वर आली आणि टेप काढून तिनं मला लांबीरुंदीत मोजलं. एकदा नाही, तीनदा! फोटो काढले. मग फोनवर हळू आवाजात म्हणाली, "हो, काचेचंच. माप पाठवते. आईंना कळू देऊ नका."

झालं! मी समजून चुकलो. जुन्या वस्तू विकत घेणारे लोक असतात, हॉटेलात लावतात म्हणे. मला विकायचा डाव! त्यात ती खाली उतरून नागेंद्रशी कोपऱ्यात काहीतरी कुजबुजली. दोघं मिळालेले असणार. सासूच्या डोक्यावरचा उजेड काढून घेणारी सून, असं मी मनात तिचं नावच ठेवून टाकलं.

चार दिवसांनी नागेंद्र पुन्हा माप घ्यायला आला. तानीबाई एकटीच होती. ती चहा ठेवायला चुलीकडं वळली आणि नागेंद्र खिडकीपाशी गेला. त्यानं खिशातून एक निळा तुकडा काढला. खिडकीतला उचलला, खिशातला तिथं ठेवला. रंग तोच, आकार तोच. मी वरून सगळं बघितलं. ओरडावंसं वाटलं, पण कौलाला तोंड कुठं असतं? इतकं बघून काहीच करता येत नाही, याचं मला त्या दिवशी रडू आलं. तानीबाई कपबशी घेऊन आली, आणि तो फुंकर मारत चहा प्यायला. वर म्हणतो कसा, "आक्का, चहा एक नंबर!"

रविवारी नागेंद्र टेम्पोतून पत्रे घेऊन आला. दीपंकर आणि सुविधाही आले होते. पत्रे दारात उतरवले तशी तानीबाई सूप बाजूला ठेवून उठली. वरच्या पत्र्याची कड तिनं चिमटीत धरली. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची.

"ह्यो त्यो न्हवं," ती म्हणाली.

"असं कसं आक्का? नमुना आणा की. शेजारी लावून बघा."

दीपंकरनं खिडकीतला तुकडा आणला. जुळवला. अगदी जुळ्या भावासारखे. "बघ आई, तोच आहे."

तानीबाईनं तुकडा हातात घेतला आणि चिमटीत फिरवला. "ह्यो बी त्यो न्हवं. नमुना बदललाय."

नागेंद्र हसला. "सर, संशयाला औषध न्हाय बघा. दुसरं गिऱ्हाईक असतं तर मी उठून गेलो असतो."

"आई, पुरे कर," दीपंकर शरमून म्हणाला. "दिसत नाही तुला नीट. उगाच कुणावर आळ घेऊ नकोस. असंच करत राहिलीस तर एकटीला इथं ठेवायचं तरी कसं?"

तानीबाईनं हात मागं घेतला. आयुष्यभर तिच्या विड्या छाट करणाऱ्यांसमोर ती अशीच गप्प उभी राहायची. आता तिच्या पोटच्या पोरानं तिची बोटं छाट केली होती. माझा जीव नुसता तुटत होता.

तेव्हा सुविधा पुढं आली. मला वाटलं, आता ही उरलासुरला निकाल लावणार.

"आई," ती म्हणाली, "आधीचा तुकडा आणि हा, यात फरक किती?"

तानीबाईनं सुपातली तीन पानं एकावर एक ठेवली आणि चिमटीत धरली. "आदीचा एवढा हुता." मग त्यातलं एक काढून घेतलं. "ह्यो एवढा."

सुविधानं पर्समधून एक छोटं यंत्र काढलं. जाडी मोजायचं मायक्रोमीटर, तिचं स्वतःचं. पत्र्याची कड त्यात धरली, स्क्रू फिरवला आणि वाचलं. मग ते दीपंकरच्या हातात दिलं.

"पॉईंट पस्तीस," तो पुटपुटला.

"ठरला होता पॉईंट पन्नास," सुविधा म्हणाली. "आणि मी पहिल्याच दिवशी नागेंद्रना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आल्यावर मोजून घेणार म्हणून. त्यांना वाटलं, बाईमाणूस काय मोजणार! तीन पानांची दोन पानं. आईंनी यंत्राशिवाय सांगितलं."

नागेंद्रचा चेहरा उतरला. "गोडाऊनवाल्याची चूक झाली असंल आक्का..."

"व्हय?" तानीबाई म्हणाली. "आनि खिडकीतल्या नमुन्याला काय पाय फुटलं?"

गल्लीतली माणसं खो खो हसली. नागेंद्रनं मुकाट्यानं पत्रे टेम्पोत चढवले. नंतर ठरल्या जाडीचे पत्रे आले, आणि सुविधानं एकूण एक पत्रा मोजून घेतला. दीपंकर मात्र त्या दिवशी आईशेजारी जमिनीवर बसला आणि तिची बोटं हातात घेऊन म्हणाला, "चुकलं आई." तानीबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. च्या पी."

मग लाल कौलं उतरायला लागली. माझी पाळी आली तेव्हा सुविधा स्वतः शिडीवर चढली. तिनं मला ओढणीत गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि खाली आणलं. बत्तीस वर्षांपूर्वी एका माणसानं मला असंच आणलं होतं. अंगणात भरमू सुतार लाकडाची नवी चौकट घेऊन उभा होता. माझ्याच मापाची.

"आई, छपरात नको, भिंतीत बसवू याला," सुविधा म्हणाली. "पूर्वेकडून, तुमच्या बसायच्या जागेच्या वर. वर पत्र्याची वळचण येईल, पाऊस लागणार नाही. आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कशाला खर्च."

म्हणजे तीनदा मोजलं ते यासाठी! मित्रांनो, मी काचेचा होतो म्हणून, नाहीतर लाजेनं लालच झालो असतो.

पण माझी खरी फजिती पुढंच होती. सुविधानं मला तानीबाईच्या मांडीवर, सुपात ठेवलं. इतकी वर्षं मी तिला वरून बघत होतो, पण तिची बोटं मला कधी लागली नव्हती. ती बोटं माझ्यावरून फिरत फिरत आली आणि डाव्या कडेला थांबली. पुन्हा मागं गेली. पुन्हा तिथंच थांबली.

"सुविधा, हितं हात लाव."

केसाएवढी चीर होती. हुप्प्या बसला त्या दिवसाची. आता तुमच्यापासून काय लपवायचं? गळत होतो तो मीच. माझ्यातून पाणी झिरपायचं, वाशावरून वाहायचं आणि लाल कौलाखाली ठिबकायचं. मला माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आपण चिरलेले आहोत हे कळू नये म्हणून मी जगावर संशय घेत बसलो. तो वासा माझ्यामुळं कुजला. तानीबाईचं घर सुटायची वेळ आली ती माझ्यामुळं.

"आनि आमी त्या बिचाऱ्या लाल कौलास्नी बदलत बसलो," तानीबाई म्हणाली. मी डोळे मिटले. आता मला अंगणातल्या ढिगावरच जायचं होतं.

तिनं मला पदरानं पुसलं. "भरमू, चीर आतल्या अंगाला येऊ दे. माझा हात पोचंल अशी."

आता मी भिंतीत आहे. मित्रांनो, पावसाळ्याआधी आपल्या छपराकडे एकदा बघत जा, नुसतं खालून नाही, हात लावून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेही तसंच बघा. आणि संशय घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या, पण चाचपून मग बोला. तानीबाईनं चाचपलं. मी नुसतंच बघत राहिलो.

रोज सकाळी माझ्यातून ऊन आत येतं आणि तिच्या सुपावर पडतं. त्या उजेडात एक बारीक काळी रेघ असते, माझ्या चिरेची. विड्या वळायला घेण्याआधी तानीबाई हात वर करून चिरेवर बोट फिरवते आणि म्हणते, "हाईस न्हवं रं, चोरा?"

आणि मी असतो.