ठरलेली बरोबरी

बोईसरच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची शेवटची फेरी सुरू व्हायच्या आधी उत्कर्षानं रिद्धीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "बरोबरी करू या. म्हणजे दोघी राज्य स्पर्धेला जाऊ. नाहीतर जी हरेल ती राहील आणि तिच्या जागी तिसऱ्या नंबरवरची हिमानी जाईल."

रिद्धीला पटत नव्हतं. असं आधी ठरवून खेळणं नियमाबाहेरचं, आणि आज तिचा हात चालत होता. पण उत्कर्षा तारापूरच्या कॉलनीतली असली तरी चिंचणीला रिद्धीच्याच घरी बसून बोंबील खायला शिकली होती. तिला नाही कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण. "बरं," रिद्धी म्हणाली.

उत्कर्षानं नेहमीसारखं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. रिद्धीनंही तेच केलं. दोघींनी मिळून घोटलेली सुरुवात ती! पुढे मध्येच रिद्धीला दिसलं, की उत्कर्षाचा हत्ती अडकलाय. नेटानं खेळलं तर डाव आपलाच. तिनं मोह गिळला आणि ठरल्याप्रमाणे उत्कर्षाच्या वजिराला वाट मिळावी म्हणून राजाजवळचा घोडा बाजूला घेतला.

उत्कर्षाच्या वजिरानं शह दिला. राजा कोपऱ्यात गेला. पुन्हा शह, राजा परत जागेवर. तीच मांडणी तीनदा आली की बरोबरी, एवढंच उरलं होतं. पण उत्कर्षानं या वेळी वजिराला हातच लावला नाही. घोडा उचलला आणि राजाच्या तोंडाशी आणून ठेवला. आता मात टळणार नव्हती.

रिद्धीनं वर पाहिलं. उत्कर्षा मुद्दाम घड्याळाकडे बघत होती.

"काही तक्रार?" पंचांनी निकाल लिहिताना विचारलं.

"नाय, सर."

काय सांगणार? आमचं आधीच ठरलं होतं म्हणून? तोंड दाबून बुक्क्यांचा मार नुसता. केसानं गळा कापून बाईसाहेबांनी वर हात पुढे केला, "छान खेळलीस हं!" रागानं रिद्धीला रडूही येईना. तिनं तो हात हातात घेतला.

घरी आई, चंद्रकांता, दोरीवरचे सुके बोंबील काढत होती.

"हरलीस?"

"हरले."

"आन् उत्कर्षा?"

"ती गेली पुढं."

आईचा चेहरा उजळला. "चला, एक तरी गेली! तुमी दोगी काय वेगल्या नाय." तिनं चांगले बोंबील निवडून बाजूला काढले. "चटणी करून देते. तिला आवडते, गाडीत खाईल. तूच नेऊन दे."

रिद्धी पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहिली.