सोळा हजार सोडवणारी पावती

मी एक जुनी पावती आहे. कागद पिवळा पडला, शिक्का फिकट झाला, पण माझ्यावरचा ‘तडजोड’ हा शब्द अजून स्वच्छ वाचता येतो. मित्रांनो, त्याच शब्दाचा मला एके काळी केवढा तोरा होता!

महाडच्या बाजारपेठेत आमोदशेठ आणि त्यांच्या पत्नी चारुशीलावहिनी यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. गाळा भाड्याचा, पण वीस वर्षांचा. शिलाई मशिनांसाठी त्यांनी एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं होतं. २००५च्या पुरात मशिनं गेली, कापड कुजलं, हप्ते थकले. पुढच्या वर्षी वसुलीचा माणूस आला तेव्हा बेचाळीस हजार बाकी होते.

भाव पाडण्यात आमोदशेठांचा हात धरणारा बाजारपेठेत कुणी नव्हता. त्यांनी त्याला चहा पाजला, भिंतीवरची पुराची रेघ दाखवली आणि घासाघीस करून सव्वीस हजारांत व्यवहार मिटवला. त्याच दुपारी माझा जन्म झाला.

“सोळा हजार सोडवलंत शेठ! आमच्या घरच्या मालकांना भाजीवालीकडनं आठाणे सुटत नाय,” दासगावहून शिवणाला येणारी गोदूबाई म्हणाली. पेढे वाटले गेले. मला काचेच्या चौकटीत घालून लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलं. शेठ गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवत आणि मी फुशारून जाई.

२००९ साली गाळ्याच्या मालकांनी गाळा विकायला काढला. “पहिला हक्क तुमचा,” ते म्हणाले, “पण महिन्याभरात पैसे उभे करा. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.” शेठ मला चौकटीतून काढून कर्ज मागायला बँकेत घेऊन गेले. जुनं कर्ज मिटल्याचा पुरावा मीच होते ना!

बँकेच्या साहेबांनी मला वाचलं. त्यांच्यासमोर आणखी एक कागद होता.

“शेठ, मुंबईला एक संस्था आहे. कुणी कर्ज घेतलं, कसं फेडलं, हे सगळ्या बँका आणि फायनान्सवाले तिला कळवतात. तिथे तुमचं कर्ज पूर्ण फेडलेलं नाही, कमी पैशांत मिटवलेलं दिसतंय.”

“पण त्यांनीच कबूल केलं ना? मी कुणाला बुडवलं नाही.”

“खरंय. पण कंपनीला सोळा हजार सोडावे लागले, एवढंच आम्हाला दिसतं. संस्था फक्त नोंद ठेवते, नाही म्हणायचं काम आमचं. उरलेले भरा, कंपनीचं पत्र घ्या, नोंद बदलू द्या. दोन-तीन महिन्यांनी या.”

हातात एकोणीस दिवस होते. दुसऱ्या बँकेच्या टेबलावरही त्या संस्थेचा तोच अहवाल निघाला. मला लाज वाटली. ज्याच्यासाठी पेढे वाटले, तोच डाग निघाला होता.

वहिनींनी पाटल्या मोडून सोळा हजार भरले. “तेव्हाच विचारायला हवं होतं हो,” एवढंच त्या बोलल्या. महिना संपला आणि गाळा दुसऱ्याचा झाला.

मित्रांनो, अडचण आली तर तडजोड जरूर करा, त्यात पाप नाही. पण सही करण्याआधी विचारा, माझ्या नावापुढे काय लिहिणार? आणि आपली नोंद गरज पडायच्या आधी मागवून वाचा. मला रोज बघणाऱ्यांपैकी एकानेही मला नीट वाचलं नव्हतं.

तीन महिन्यांनी नोंद सुधारल्याचं पत्र आलं. पत्ता दुकानाचाच होता. नव्या मालकाने ते घरी आणून दिलं. शेठांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याबरोबर कपाटात ठेवलं. ते आता दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजून देतात. घासाघीस मात्र त्यांनी पुन्हा कधीच केली नाही.