भंडाऱ्यातली रेघ

सोनमने सायकलीचा सांगाडा पोत्यात गुंडाळून आणला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सरळ मार्गाने आलेल्या वस्तूला पोतं कशाला लागतं?

"कुठनं आणली गं?"

"मिळाली," एवढंच म्हणाली आणि पोतं थेट गोठ्यात घेऊन गेली.

माझी लेक मांडवगणहून दौंडला कॉलेजला जाते. डिसेंबरात टेकडीवरची सायकल शर्यत होती आणि नवी सायकल परवडणारी नव्हती. म्हणून तिने एकेक भाग जमवून स्वतःच बांधायला घेतली. चाकं मैत्रिणीच्या भावाची, ब्रेक कुठल्या तरी मोडक्या सायकलीचे.

"पुढं धक्का खाणारा शॉक, मागं काहीच न्हाई. हिला हार्डटेल म्हणत्यात, आई. कमी पैशात हीच बसती."

"म्हंजी मागनं कडक. तुझ्या आजीवर गेली."

ती हसली. पण सांगाड्याचं विचारलं की विषय बदलायची.

मग तिने त्याचा रंग खरवडायला घेतला. सगळा नाही, फक्त नळ्या जिथे जोडल्यात तिथला. आमचे शेजारी हौसराव कुंपणापाशी उभे राहून बघत होते. भाऊबीजेनंतर त्यांच्या नातवाची गिअरची सायकल दारातून चोरीला गेली होती.

"वहिनी, पोरगी लईच रंग काढती. खाली कुणाचं नाव निघतंय का बघा बरं!" असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

रात्री जेवताना विचारलं, "रंग का काढला?"

"तडा असला तर रंगाखाली दडतो. म्हणून बघितलं. न्हाई काही."

उत्तर फार पटकन आलं. त्या घासाची चव लागली नाही.

खंडोबाचं नवरात्र चालू होतं. एकोणीस वर्षं माझा नेम आहे, सकाळी अंघोळ झाली की पूजा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. अशा दिवसांत पोटच्या लेकीला बेल-भंडार उचलून शपथ घ्यायला लावायचं मला जमेना. शुक्रवारी दिवेलागणीला सोनम जोडून झालेली सायकल डिझेलने पुसून, कोरडी करून आत गेली. मी गोठ्यात गेले, सांगाड्यावर मूठभर भंडारा उधळला. देवा, खरं काय ते तूच दाखव.

सकाळी अंघोळ करून बघायला गेले. हँडलाच्या खाली, दोन नळ्या मिळतात तिथे, पिवळ्यावर केसासारखी काळी रेघ उमटली होती. बाकी सगळा भंडारा कोरडा. मी मागितलं आणि देवाने दाखवलं होतं.

तेवढ्यात सोनम हेल्मेट घालून आली. उद्या शर्यत, आज उतारावर चालवून बघायची होती. मी हँडल धरलं.

"आई, सोड ना. तुझी पूजा राहिलीय."

मी मान हलवली. तिने ओढलं, मी धरून ठेवलं.

"काय झालं? खुणेनं तरी सांग!"

"चोरीची हाय ही," मी बोलले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "देवानं रेघ मारलीय."

सोनमचं तोंड उतरलं. मग ती वाकली. रेघेवरचा भंडारा बोटाने पुसला, नख फिरवलं. नख अडकलं.

"तडा हाय," ती हळू म्हणाली. "काल पुसलेलं डिझेल तड्यात मुरलं, ते भंडाऱ्यात बाहेर आलंय. मला दिसलाच न्हाई." उताराकडे बघत तिने हेल्मेट काढलं. "चोरीची वाटली तुला?"

"वाटली. मग लपवलीस कशाला?"

"शनिवारी घेतली, दौंडच्या पोपटराव भंगारवाल्याकडनं. शनिवारी लोखंड घरात आलं तर तू दोन दिवस जेवत न्हाईस. तसं हे अ‍ॅल्युमिनियम हाय, पण तुला कोण समजावणार?"

आजही शनिवारच होता. मी पूजा उरकली, नेम मोडल्याची क्षमा मागितली, भंडाऱ्याची पुरचुंडी कमरेला खोचली आणि म्हणाले, "घे सायकल, चल दौंडला."

पोपटरावांनी सांगाडा लगेच ओळखला. "दिवाळीआधीपासून पत्र्यावर पडून होता की हा." म्हणजे हा हौसरावांच्या नातवाच्या सायकलीचा नव्हता; माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनी बदली दुसरा काढून दिला, गंजका, जड, अस्सल लोखंडाचा.

सोनमने माझ्याकडे बघितलं. "आई, शनिवार हाय."

मी डिझेलची चिंधी मागून घेतली. सांध्यांना डिझेल लावलं, थांबले, कोरड्या फडक्याने पुसलं आणि येळकोट म्हणत भंडारा टाकला.

"मावशी, पूजा घरी जाऊन करा की," पोपटराव म्हणाले.

"जरा थांबा, मामा," सोनम म्हणाली आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली.

आम्ही दोघी बराच वेळ बघत राहिलो. पिवळं पिवळंच राहिलं.