परिच्छेदागणिक जतन

‘नवी प्रणाली वापरण्यास इतकी सुलभ आहे, की तिच्यासाठी वेगळ्या प्रशिक्षणाची आवश्यकता नाही. येणाऱ्या तक्रारी प्रणालीविषयी नसून बदलाला विरोध करणाऱ्या मानसिकतेतून उद्भवतात.’ रुग्णालयाच्या संगणक विभागप्रमुखांचे हे परिपत्रक प्रयोगशाळेच्या दारावर डकवलेले होते. वाक्ये डौलदार होती. सुलभ हे विशेषण मात्र कोणाच्या तरी अनुभवावरून ठरते. तो अनुभव कोणाचा, याबद्दल परिपत्रक मौन पाळून होते. आणि ज्या प्रशिक्षणाची आवश्यकताच नव्हती, ते देण्यासाठी तीन आठवड्यांनी त्याच विभागाच्या मदतकक्षातील बाईंना का धाडण्यात आले, याबद्दलही.

“या, बसा,” अहवाल लिहिणारे काका म्हणाले. “माझी मानसिकता तपासायला आलात ना? जीभ बाहेर काढू?”

“जीभ राहू द्या काका, हात चालवा. रोज करता तसंच काम करा. मी नुसती बघते.”

“बघा बापडे. शुक्रवारी चौकशी आहे माझी. एकाच्या गाठीचा निष्कर्ष दुसऱ्याच्या अहवालात गेला. घोळ पकडला मीच, वर कळवलाही मीच. आता चोर कोण? तर तोही मीच!”

डॉक्टरांची हस्तलिखित टिपणे वाचून तपासणीचे अहवाल संगणकावर उतरवण्याचे काम काका सव्वीस वर्षे करत होते. चौकशीत दोषी ठरले, तर नोकरीची उरलेली दोन वर्षे तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत काढायची, हे त्यांना आधीच ऐकवण्यात आले होते.

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. काकांची नजर टिपणावर खिळलेली होती. ते अक्षर असे होते, की नजर हटली की ओळ हरवलीच. पडद्याकडे ते पाहतच नव्हते. पहिला परिच्छेद संपला आणि बोट आपसूक एका कळीवर पडले.

“थांबा! आत्ता काय दाबलंत?”

“जतन केलं.”

“पण अहवाल अर्धाच झालाय ना?”

“अहो, नवीन होतो तेव्हा एकदा वीज गेली आणि चार पानं पुसली गेली. ज्या पेशंट बाईंचा तो अहवाल, त्यांचं ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं. त्यांचा नवरा इथेच, या दारात उभा होता. तेव्हापासून परिच्छेद संपला की जतन. त्यानंतर एक ओळ गेलेली नाही माझी.”

बाईंनी पडद्याच्या वरच्या कडेला बोट ठेवले. तिथले रुग्णाचे नाव बदललेले होते. जुन्या पडद्यावर जतन केल्यावर अहवाल समोरच राहत असे. नव्या प्रणालीने जतन म्हणजे काम संपले असे गृहीत धरले होते आणि कोणालाही न विचारता पुढच्या रुग्णाचा कोरा अहवाल उघडून ठेवला होता. काकांचा दुसरा परिच्छेद, म्हणजे नेमका निष्कर्ष, तिथे जाऊन पडणार होता. एरवीचे अहवाल एकाच परिच्छेदात आटोपत, म्हणून हा घोळ आजवर एकदाच झाला होता.

काकांनी चष्मा काढला.

“म्हणजे मी काळजी घेतली, म्हणून चुकलो?”

“हो.”

“आणि नोटिशीत लिहिलंय, निष्काळजीपणा. वा! चांगलं मराठी आहे.”

पडद्याच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांआड ‘मसुदा ठेवा’ अशी आज्ञा दडलेली होती. बाईंनी तिच्यासाठी दोन कळा एकत्र दाबायला शिकवल्या. काकांचे बोट चार वेळा जुन्या वाटेने गेले. चारही वेळा त्यांनी स्वतःला गाढव म्हटले, आणि पाचव्या वेळी यंत्राला.

“या वयात बोटांना नवं वळण लावायचं म्हणजे काय खायचं काम आहे?”

“लागलं की काका. बघा, नाव तेच आहे.”

सारे मिळून चाळीस मिनिटे लागली. तीन आठवड्यांत ती कोणापाशीही नव्हती; नोटीस टंकलिखित करायला मात्र वेळ सापडला होता.

बाईंनी सोबत एक छापील कागद आणला होता. त्यावर काकांची सही घ्यायची होती. ‘मला प्रशिक्षण मिळाले असून प्रणालीत दोष नाही याची खात्री पटली आहे.’

काकांनी पेन उघडले. “करतो सही. तुम्हालाही नोकरी आहे, घरदार आहे.”

बाईंनी कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला, उलटा केला आणि पाहिले ते सारे मागच्या कोऱ्या बाजूवर क्रमाने लिहून काढले. खाली सही केली, ती स्वतःची.

शुक्रवारी चौकशी समितीच्या अध्यक्षांनी ती मागची बाजू मोठ्याने वाचली. काका भिंतीजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते. अध्यक्षांनी त्यांना काहीच विचारले नाही. ते विभागप्रमुखांकडे वळले: प्रणाली स्वीकारल्याच्या दाखल्यावर सही आपली आहे, ती करण्यापूर्वी आपण स्वतः या प्रणालीवर किती अहवाल लिहून पाहिले?

इतिवृत्तात उत्तर शब्दशः नोंदलेले आहे:

“एकही नाही. उद्घाटनाची तारीख ठरली होती. आणि खरं सांगायचं तर, साहेब, डॉक्टरांचं ते अक्षर मला वाचताच येत नाही. ते फक्त काकांना येतं.”