खोबऱ्या आंब्याच्या फळ्या

फळीखालच्या पिठाची चिमूट व्यंकट सुताराने बोटांत चोळली आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. गोठ्याच्या दारात केवळाकाकू उभ्याच होत्या.

"भुंगा लागला का रे व्यंकटा?"

"बघायलो की काकू. जरा दम धरा."

दम धरायला काकूंची ना नव्हती. दोन वर्षं त्यांनी तेच केलं होतं. देवणीच्या शिवारातला त्यांचा खोबऱ्या आंबा वादळाने मुळासकट आडवा केला, तेव्हा वीटभट्टीवाला दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर घेऊन हजर झाला. व्यंकटने त्याला परतवून लावलं. "काकू, ह्याचं दार करतो. तुमच्या नातवंडांच्या पोरांनाबी पुरंल," असा शब्द देऊन बसला. मग आरागिरणीत फळ्या कापून आणल्या आणि पावसाळ्यात विहीर भरल्यावर दगड बांधून चार महिने पाण्यात बुडवून ठेवल्या. आंब्याच्या लाकडातला गोडवा पाण्यात उतरला की भुंगा त्याला तोंड लावत नाही, ही त्याच्या वडिलांची शिकवण. विहिरीचं पाणी चहासारखं झालं. काकूंचा मुलगा बालाजी वैतागला. काकू मात्र म्हणाल्या, "जलमभर ह्याच्या कैऱ्यांचं लोणचं घातलं, आता झाडाचंच घालायले."

नंतर फळ्या गोठ्यात एकावर एक रचल्या. टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना शेणकाला लिंपला, वारा खेळावा म्हणून दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवल्या. आज त्या उघडायच्या होत्या. बालाजीच्या नव्या घराची चौकट दारावाचून उभी होती आणि त्याने साफ सांगितलं होतं, "मिस्त्री, एक जरी फळी किडकी निघाली, तर समदी भट्टीला. मी उदगीरहून लोखंडी दार आणतो."

आणि पहिलीच फळी उचलली, तर खाली हे भुंग्याने पोखरल्याचं पीठ.

दाराची काळजी तर होतीच, पण व्यंकटला आठवला तो मुखेडचा दिवाण.

मुलीच्या, वर्षाराणीच्या, लग्नात त्याने आपल्या हाताने दिवाण केला होता. लाकूड आंब्याचंच, पण ओलं. लग्नाची तिथी जवळ आली होती, लाकूड काही तिथीसाठी वाळत नाही. चाळीस वर्षांच्या सुतारकीत घाई केली ती तेवढीच, आणि तीही पोटच्या पोरीच्या बाबतीत. वर्षभराने तो मुखेडला तिच्या सासरी गेला, तर पहाटे सासू उठायच्या आत वर्षाराणी दिवाणाखालचं पीठ झाडत होती. तो डोळे मिटून पडून राहिला. जाताना त्याने विचारलं, "दिवाण कसा हाय गं?" ती म्हणाली, "लई मजबूत हाय अप्पा." या गोष्टीला अठरा वर्षं झाली. व्यंकटच्या मनात ते पीठ अजून पडत होतं.

तेवढ्यात बालाजी आला. पीठ बघून त्याने नुसत्या भुवया उंचावल्या.

"बोलवू का भट्टीच्या गाडीवाल्याला?"

"रंधा तर मारू दे," व्यंकट म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला.

त्याने फळी आडवी टाकून रंधा ओढला. वरचा मळका थर गेला आणि खालून पिवळसर, तपकिरी रेघांचं स्वच्छ लाकूड निघालं. भोक नाही. फळी उलटवली. तिकडेही नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. कान लावून बोटाने वाजवलं, तर कोरड्या लाकडाचा खणखणीत आवाज. मग हे पीठ आलं कुठून?

त्याने खाली नीट पाहिलं. पीठ सगळीकडे नव्हतं. हातभर अंतरावर सरळ ओळींत पडलं होतं, नेमकं पट्ट्या होत्या तिथे. त्याने एक पट्टी उचलली. ती हातातच खारी बिस्किटासारखी मोडली.

व्यंकट मटकन जमिनीवर बसला आणि हसायला लागला.

"काय झालं रे?" काकू घाबरल्या.

"काकू, लाकडाच्या पट्ट्या कमी पडल्या म्हणून मी तुमच्या जुन्या कुडाच्या बांबूच्या कामट्या घातल्या होत्या. त्या काय पाण्यात घातल्या न्हवत्या. भुंग्यानं कामट्या खाल्ल्या बघा. आंब्याला शिवला बी न्हाई."

बालाजीने स्वतः एक फळी उलटून पालटून बघितली, नखाने टोकरली. मग म्हणाला, "हाव. मग दारच करा मिस्त्री." माणूस तसा वाईट नव्हता, त्याला फक्त घरात राहायला जायची घाई होती.

काकूंनी रंधलेल्या जागेवर हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "दार करून उरंल का रे काही?"

"पाच-सहा फळ्या उरतील."

"मग त्या तुझ्या. मी काय करू?"

नको म्हणायचं व्यंकटच्या ओठावर आलं होतं. त्याने ते गिळलं. हातातलं पीठ धोतराला पुसलं, गोठ्याबाहेर येऊन मोबाइल काढला आणि मुखेडला लावला.

"वर्षा, दिवाणाची लांबी-रुंदी सांग. नवा करायलो."

"कशाला अप्पा? हाय की चांगला."

"अठरा वर्षं झाडायलीस माय. मी बघितलं हुतं."

व्यंकटने फोन कानाला घट्ट धरला.

"थांबा," ती म्हणाली. "मोजते."

दिवाण सरकवल्याचा आवाज आला. आणि मग, मोजायच्या आधी, केरसुणीचा.