आईला दाखवायचा फोटो

"पेटला का नाय? सांग, पेटला का नाय?"

ह्यांनी फ्लॅश माझ्या तोंडासमोर धरून बटन दाबलं आणि माझ्या डोळ्यांपुढे लख्ख पांढरं झालं. हातात औक्षणाचं ताट होतं, ते पडता पडता राहिलं.

"पेटला हो बाप्पा! डोळे फोडता का माझे?"

"मग कॅमेऱ्यावर बसवला की का मरायलाय?"

असं म्हणून ह्यांनी फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर सरकवला, चाकी आवळली आणि माझा फोटो काढला. काही नाही. परत काढला. परत काही नाही. मग फ्लॅशच्या कानशिलात एक चापट दिली.

लेकीचं लग्न तासाभरावर आलेलं, आणि नवरीचा बाप खोलीचं दार लावून पलंगावर पसारा मांडून बसलेला. सेल, चार्जर, पुसायचं फडकं आणि कुठल्या तरी पाहुण्याच्या पोराकडून मागून आणलेलं खोडरबर. त्या खोडरबराने ते फ्लॅशच्या बुडाचे पितळी ठिपके घासत होते. बाहेर पाहुणे यायला लागलेले, त्यांना 'या, बसा' म्हणायला कुणी नाही. व्याही येऊन विचारून गेले, काकासाहेब कुठं हायेत म्हणून. मी काय सांगू, खोडरबर घेऊन बसलेत?

आमचे हे फोटोग्राफर. मुकुंदवाडीत छोटा स्टुडिओ आहे, पण खरं काम लग्नाचं. पाचोडहून शहरात आले ते गळ्यात कॅमेरा अडकवूनच, आणि तो गळ्यातून उतरलेला मी फार कमी वेळा पाहिला. आता ड्रोन उडवणारी पोरं आलीत, नवरा-नवरीला डोंगरावर नेऊन पळायला लावतात. तरी जुनी माणसं अजून ह्यांनाच बोलावतात. मग स्वतःच्या लेकीच्या लग्नात दुसरा फोटोग्राफर बोलावणं म्हणजे ह्यांच्या नाकावर मारल्यासारखंच झालं असतं. व्याह्यांना साखरपुड्यातच सांगून टाकलं, "फोटोचं तुमी बघूच नका, ते माझ्याकडं." मी म्हटलं, बाप आहात, त्या दिवशी तरी बापासारखं मिरवा. ऐकतील तर शपथ.

कॅमेरा नवा होता. मेघानेच, आमच्या नवरीने, पगारातून घेऊन दिलेला. फ्लॅश मात्र जुनाच, ह्यांचा लाडका. "नवा कशाला? ह्यो अजून लई काम देतो." आणि खरंच देत होता. आदल्या दिवशी हळदीला भकाभक पेटला. आज सकाळी देवक बसवतानाही पेटला. गौरीहराच्या पूजेला मात्र गुरुजी करवादले, कॅमेऱ्याची खटखट माइकमधून ऐकू येते म्हणून. तेव्हा ह्यांनी तो कॅमेरा मेनूत घालून मुका केला. वर गुरुजींच्या कानाशी नेऊन फोटो काढून दाखवला, "बघा, आवाजच नाय! हाय का नाय नवा माल?" काय तो तोरा. त्या पूजेला खिडकीतून ऊन येत होतं, फ्लॅश लागलाच नाही. लागला तो आता.

"सेल बदला ना," मी म्हटलं.

"बदलले."

"मग राहू द्या. बिनफ्लॅशचा काढा. आजकाल मोबाइलवाले काढतातच की."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मिठाविना वरण वाढते म्हणाले. "स्टेजच्या मागं ती टीव्हीची भिंत लावलीय ना व्याह्यांनी, तिचा उजेड येतो समोरून. मदी उभं राहिलेलं माणूस काळं ठिक्कर पडतं. समोरून फ्लॅश मारल्याशिवाय तोंड नाय दिसत, सुरेखा. आणि अंतरपाटाचा फोटो मी काळा काढू?"

अंतरपाटाचा म्हटल्यावर माझंच काळीज हललं.

आमच्यात मंगलाष्टका चालू असताना नवरीची आई मांडवात थांबत नाही. तिने तुळशीला पाणी घालत बसायचं. पोटच्या पोरीला एवढी मोठी करायची, आणि ज्या घटकेला ती दुसऱ्याची होते त्या घटकेला आपण पाठ करून बसायचं. कुणी हा नियम काढला त्याला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्यात. पण मोडायची हिंमत नाही माझी. उद्या काही कमी-जास्त झालं तर सगळे माझ्याकडेच बोट करतील.

ह्यांची मात्र एक सवय होती. कुणाचंही लग्न असो, अंतरपाट खाली आला, नवरीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, की तो फोटो काढायचा आणि तसंच उठून नवरीच्या आईला शोधत जायचं. ती कुठे तरी मागे तुळशीपाशी तोंडाला पदर लावून बसलेली असायची. तिच्यापुढे कॅमेऱ्याचा पडदा धरायचा, "बघा वहिनी, तुमची लेक." आधी आईला, मग बाकीच्यांना. घरी ते त्याला 'आईला दाखवायचा फोटो' म्हणायचे. 'आज आईला दाखवायचा लई ब्येस आला,' असं सांगत जेवायला बसायचे. मी किती बायकांना त्या पडद्यावर बोटं फिरवताना पाहिलंय. आणि दर वेळी मनात म्हटलंय, एक दिवस माझी पाळी येईल. ह्यांनीही कबूल केलं होतं. "तुझा असा काढतो, की तू तिथंच उभी होतीस असं वाटंल."

म्हणून मी त्या पसाऱ्यातून माझे हात काढून घेतले. घासा म्हटलं, खोडरबर संपेपर्यंत घासा.

मुहूर्त जवळ आला तशी माझी जाऊ मालनबाई मला न्यायला आली. "चल गं, मामा पोरीला आणायलाय. तू निघ आता." जाता जाता मेघा दिसली. माझ्या भावाच्या हाताला धरून मान खाली घालून चाललेली. मुंडावळ्यांतून फक्त हनुवटी दिसली. मी हाक मारली, पण सनईच्या रेकॉर्डपुढे माझी हाक कुठली पोचते.

कार्यालयाची तुळस मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या दाराशी होती. शेजारी वांग्यांची पोती, पलीकडे बुंदीचा घाणा. आचारी कुणाला तरी ओरडत होता, भात लागला म्हणून. मी तांब्या घेऊन बसले. मालनबाई माझ्या शेजारी, पहाऱ्याला बसावं तशी.

पहिली मंगलाष्टक सुरू झाली. भोंग्यातून गुरुजींचा आवाज येत होता. 'सावधान' म्हणाले की मी थोडं पाणी घालायचे. तुळशीची कुंडी केवढीशी, पाणी वरून वाहायला लागलं, माझ्या शालूचा काठ भिजला. एका आत्याबाईंनी माइक हातात घेतला आणि बेसूर गळ्याने स्वतः रचलेली मंगलाष्टक म्हणायला लागल्या. त्यात माझंही नाव घातलं होतं. इकडे माझं सगळं लक्ष एकाच ठिकाणी. पेटला असेल का? पेटव रे देवा. बाकी काही मागत नाही, एवढा पेटव.

मग एकदम बँड वाजला. टाळ्या, फटाके, बायकांचा गलका. झालं. लागलं लग्न.

"ऊठ आता," मालनबाई म्हणाली. "चल, नवरा-नवरीला बघ."

"थांबा. हे येतील दाखवायला."

"अगं, समोर जाऊन बघ की खरी पोरगी! फोटू काय बघती?"

तिला काय कळणार. तिला दोन्ही मुलगेच आहेत. मी उठले नाही. आचाऱ्याने दोन वेळा बाजूला सरका म्हटलं, तरी उठले नाही. दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत होते. वाढपी येत होते, पाण्याचे जार येत होते. हे येत नव्हते.

आले तेव्हा पाय ओढत आले. डोक्यावरचा फेटा एका बाजूला कललेला, अंगभर अक्षता. कॅमेरा छातीवर लोंबत होता आणि त्यावर हात ठेवला होता.

"दाखवा," मी म्हटलं.

"नाय आला गं."

"दाखवा म्हणते ना!"

दाखवला. मागे ती टीव्हीची भिंत झगमगत होती. 'मेघा' आणि 'विश्वजीत' ही दोन नावं इतकी स्वच्छ आली होती, की लांबूनही वाचावीत. आणि त्यापुढे दोन काळी माणसं. तोंड नाही, डोळे नाहीत, मुंडावळ्या नाहीत. त्यातली माझी लेक कोणती, हे मला पदरावरून ओळखावं लागलं.

"फ्लॅश?"

"फ्लॅश चांगलाय." ह्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला कान पुढे करावा लागला. "कॅमेरा मुका केला होता ना सकाळी गुरुजींसाठी. मुका असला की त्यो फ्लॅश पेटूच देत नाय म्हणे. मला काय माहीत? जुन्यात असलं काही नव्हतं. मेघानं सांगितलं. हार घालून झाल्यावर तिनंच स्टेजवर कॅमेरा हातात घेतला, दोन बटनं दाबली, म्हणली, पप्पा, सायलेंटवर आहे हा. आणि पेटला."

"आणि तुम्ही खोडरबरानं घासत बसलात!"

"व्हय."

मी फार बोलले. आचारी, वाढपी, मालनबाई, सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, दुनियेच्या आयांना दाखवलंत, माझ्याच नशिबात काळं? म्हटलं, दुसरा माणूस लावला असता तर काय झिजला असता तुमचा मान? हे ऐकून घेत होते. मग मान वर करून म्हणाले, "परत करू का? गुरुजी हायेत अजून. अंतरपाट धरायला लावतो, दोन मिनिटांचं काम. तू बी समोर उभी राहा. आता तर अक्षता पडल्यात, आता काय हरकत?"

"नको."

"फोटो लई चांगला येईल."

"येईल. हसेल ती कॅमेऱ्याकडे बघून. मला ते नको होतं. मला तेव्हाचं तोंड बघायचं होतं." आणि मग माझ्या मनात एकदम आलं, ते मी विचारलं. "अहो, तुम्ही सांगा ना. तुम्ही तर समोर होतात. कशी दिसत होती? रडली का?"

हे फ्लॅशची चाकी फिरवायला लागले.

"सांगा ना, वर बघितलं तेव्हा कशी होती?"

"मी नाय बघितलं."

"म्हणजे?"

"मी फ्लॅशकडं बघत होतो, सुरेखा. काढला, परत घातला. मान वर केली तर गळ्यात हार पडला होता."

मी तुळशीपाशी होते, मला रीतीने अडवलं. ह्यांना कुणी अडवलं होतं? लेकीपासून दोन हातांवर उभा असलेला माणूस.

पुढचं सगळं रीतसर झालं. कन्यादानाला आम्ही दोघं जोडीने बसलो, पाणी सोडलं. नंतर फ्लॅश इतका छान पेटला की प्रत्येक पाहुण्याचा फोटो झकास आला. सगळे म्हणाले, काकासाहेब, मानलं बुवा. हे हात जोडत होते.

पाठवणी झाली. मेघाची गाडी शेंद्र्याच्या रस्त्याला लागली आणि मांडवात खुर्च्या एकावर एक चढायला लागल्या. आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसून होतो, शेजारी शेजारी, तोंडं दोन दिशांना. मालनबाई तिचा मोबाइल घेऊन आली. तिला राहवेना.

"कावून रुसून बसलाव दोघं? हे घ्या. घरच्या ग्रुपवर समद्यांनी टाकलंय अंतरपाटाचं. चार जणांनी काढलंय. बघा पोटभर."

मी झडप घालून मोबाइल घेतला. पहिला व्हिडिओ लावला. आत्याबाईंची मंगलाष्टक, गर्दीचे हात, अंतरपाट, आणि अंतरपाटाच्या बरोबर मधोमध ह्यांची पाठ. दुसरा लावला. त्यातही ह्यांची पाठ, थोडी डावीकडून. तिसरा, चौथा. कुठूनही काढलेला असो, नवरी आणि मोबाइलच्या मध्ये हेच. अंतरपाट खाली जाताना दिसत होता, लोक ओरडत होते, अक्षता उडत होत्या. हे मात्र खाली मान घालून कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काढत होते, अंगरख्याच्या टोकाला पुसत होते, परत बसवत होते. मांडवातल्या सगळ्या अक्षता ह्यांच्या वाकलेल्या पाठीवर पडत होत्या.

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. मला वाटलं, आता मोबाइल ठेवा म्हणतील. पण म्हणाले, "जरा मागं घे. अंतरपाट पडतो तिथं."

मी मागे घेतलं.

अंतरपाट पडला. ह्यांनी आपली मान डावीकडे केली, मग उजवीकडे, मोबाइलमधल्या त्या माणसाच्या बाजूने पलीकडे डोकावून बघावं तशी.

"सरक ना जरा," ते त्याला म्हणाले. "ए, सरक की बाबा."