टीव्हीकडे पाठ

काकूंनी शर्टाचा गळा सुईखाली सरकवला आणि मशीन सुरू करण्याआधी टीव्हीकडे नजर टाकली. पडद्यावर एक इमारत जळत होती. तिच्या बाजूच्या चौकटींत बसलेली चार माणसं एकमेकांवर ओरडत होती.

“अहो मास्तर, मालिका लावा ना आता,” ओव्हरलॉकच्या मशीनवरून चिमणी म्हणाली. तिच्या तोंडाला विसावा नसे, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. “काल नायिकेला शुद्ध आलीय. आज ती कुणाला ओळखते ते बघायचंय.”

“तिला शुद्ध येऊन ती काय दिवे लावणार आहे?” कापायच्या टेबलावरून मास्तर गरजले. “इथे शहरंच्या शहरं पडतायत!”

काकूंच्या जिवात जीव आला. आजचा दिवस निभावला म्हणायचा.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या लांबट खोलीत टीव्ही एकच होता आणि त्याचा रिमोट मास्तरांच्या कात्रीशेजारी असे. मास्तर सगळ्यांत जुने, त्यामुळे तो मान त्यांचा. पण कापायचं टेबल असं मांडलेलं होतं की त्यांची टीव्हीकडे कायम पाठ. मागे वळून न बघता, कापडावर खडू ओढत ओढत ते लढाई चालवायचे. कुणी कुठून चाल करायला हवी होती, कुठलं चॅनल विकलं गेलंय, कुठलं निदान अर्धं खरं दाखवतं, सगळं त्यांना तोंडपाठ.

काकूंना या माणसाची मनापासून चीड यायची. तिकडे माणसं मरतायत आणि याला चघळायला विषय मिळालाय, असं त्यांच्या मनात यायचं. पण त्यांना मास्तरांशिवाय गत्यंतरही नव्हतं.

काकूंचा मुलगा त्याच लढाईत अडकला होता. एका बंदराच्या शहरात तो क्रेन दुरुस्तीच्या कामावर गेला होता आणि तिथे बॉम्ब पडायला लागल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता. घरी नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. यांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग काकूंनी बोलण्यातल्या बोलण्यात पोराला परस्पर बोटीवर पाठवून दिलं. भर समुद्रात फोनला रेंज नसते, असं त्या नवऱ्यालाही सांगत आणि शेजाऱ्यांनाही. घरच्या टीव्हीची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने उपटली आणि टीव्ही बिघडल्याचं जाहीर केलं. कारखान्यात सांगायची सोय नव्हती, कारण चिमणी त्यांच्याच गल्लीत राहायची. तिला दुपारी कळलं असतं तर संध्याकाळच्या आत ते नवऱ्याच्या उशाशी पोहोचलं असतं.

एकदा वाटलं होतं की न सांगताही मास्तरांच्या तरी लक्षात येईल. पोरगा निघाला तेव्हा त्याच्या दोन पँटी मास्तरांनीच शिवून दिल्या होत्या, आणि बंदरावर काम करायला जातोय म्हटल्यावर कापडही जाडं निवडलं होतं. पण त्याला बराच काळ लोटला होता. हजारो कपडे हातांखालून गेलेल्या माणसाला त्या दोन पँटी कुठल्या आठवायला!

म्हणून काकूंनी एक युक्ती काढली होती. मशीनवरच्या पोरींनी मालिकेचा धोशा लावला की त्या हळूच काडी टाकायच्या.

“मास्तर, तुमची बाजू मागे हटतेय म्हणे.”

“कोण म्हणतं?” मास्तर उसळायचे आणि रिमोट चिमणीकडे सरकवायचे. “चिमणे, ते दुसरं चॅनल लाव बरं! इथे नुसती बडबड चाललीय. जिथे प्रत्यक्ष दाखवतात ते लाव!”

पेटला, असं मनात म्हणत काकू आपल्या हुशारीवर खूश व्हायच्या आणि लगेच डोळे पडद्याला लावायच्या. कोण जिंकतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ओरडणाऱ्यांच्या मागे, चित्राच्या कोपऱ्यात क्रेन उभ्या दिसतात का, रस्त्यावरून चालणाऱ्यांत एखादी ओळखीची मान दिसते का, एवढंच त्या शोधायच्या. जे चॅनल चित्र जास्त वेळ ठेवायचं ते त्यांच्या लेखी चांगलं. बंदराचं नाव आलं की पाय आपोआप पायपट्टीवरून सुटायचा आणि मशीन थांबायचं. दहा मशीनच्या खडखडाटात एक थांबलं तर कुणाला कळतंय, अशी त्या स्वतःची समजूत घालायच्या.

मध्यंतरी मास्तरांचा फारच राग आला होता. टीव्हीवरची बाई बंदरावरच्या हल्ल्यात गेलेल्यांबद्दल सांगायला लागली आणि नेमके तेव्हाच मास्तर खेकसले,

“काकू, मागच्या खोलीतून पांढऱ्या दोऱ्याचं खोकं आणा.”

“आत्ता?”

“आत्ता म्हणजे आत्ता. काम खोळंबलंय माझं.”

काकू पाय आपटत गेल्या. खोकं घेऊन परत येईपर्यंत टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. ते खोकं पुढे मास्तरांच्या टेबलाखाली तसंच पडून राहिलं, कुणी उघडलंसुद्धा नाही. काकूंनी त्या दिवशी मास्तरांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं.

आज जेवणाच्या सुट्टीत हात धुताना पदराआडचा फोन थरथरला. अनोळखी नंबर होता. “आई, सीमा ओलांडली. बसमध्ये आहे. बरा आहे. हा फोन दुसऱ्याचा आहे.” काकूंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग नळ मोठा सोडून तोंडावर पाणी मारत राहिल्या. रडलेलं आणि धुतलेलं तोंड सारखंच दिसतं, हे एक बरं असतं.

कुणालाही काही न सांगता त्या मशीनवर येऊन बसल्या आणि कामाला लागल्या. टीव्हीवर बंदराचं नाव आलं, पुन्हा आलं. काजामागून काज होत राहिलं. त्यांचा पाय काही सुटला नाही.

थोड्या वेळाने मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

“चिमणे, हा घे रिमोट. लाव तुझी मालिका.”

चिमणी बघतच राहिली. “मास्तर, बरं आहे ना? आज लढाई नको?”

“रोज तेच ते. कंटाळा आला.”

पोरींनी एकच कल्ला केला. काकूंचा हात मात्र कापडावरच राहिला. बटणं आणायचं निमित्त करून त्या उठल्या. बटणांची फळी कापायच्या टेबलामागे होती. इतकी वर्षं त्या फळीशी जायच्या, पण मास्तर उभे राहतात तिथे उभं राहून समोर कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. टीव्ही तिथून दिसतच नव्हता. समोर, दिव्याच्या उजेडात, दिसत होतं ते काकूंचं मशीन आणि त्याची पायपट्टी.

बटणांची पाकिटं हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.  शेवटी नेहमीच्या सुरात म्हणायचं म्हणून म्हणाल्या,

“मास्तर, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे होता हो?”

“मला काय कळतंय कोण कुणाशी लढतंय ते?” मास्तर खडूची रेघ ओढत म्हणाले. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, “पोहोचला का?”

काकूंनी मान हलवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

“मग जा,” मास्तर म्हणाले. “बटणं तुंबलीत.”